एक जुलैची गल्ली

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बहुतेक विसरलो. ही केस मात्र मनातून जात नाही. तिच्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, आणि जे झालं ते सगळं नियमानं झालं.

मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. पूर्वेकडच्या शेजारी देशात लढाई पेटली होती. आमच्यापासून ती हजार कोस दूर, पण टीव्हीवर रोज जळकी गावं आणि सीमेकडे पळणारी माणसं दिसत. पानठेल्यावर कपाशीच्या भावाआधी तिचीच चर्चा. मग वरून आदेश आला की हद्दीतले घुसखोर शोधा आणि रोज संध्याकाळी पाचला अहवाल पाठवा. सापडण्यासारखं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही रोज 'निरंक' लिहून पाठवायचो. आठवड्यानं साहेबांचा फोन आला, "आजूबाजूची ठाणी कामं करतायत. तुमचंच निरंक कसं?" अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, आकडा द्यायचा असतो.

दोन दिवसांनी आकडा स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला. नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर होती. एका उमेदवाराचा भाऊ, खताचा दुकानदार, जन्मदाखल्यांच्या यादीची झेरॉक्स घेऊन समोर बसला. एकाच गल्लीतल्या सदतीस नावांखाली त्यानं लाल रेघ ओढली होती.

"साहेब, सदतीस लोकं एकाच तारखेले जन्मले. एक जुलै. अन् दाखले काढले या दोन महिन्यात. हे इथले असतीन का? सारे तिकडून आलेले हायत."

वऱ्हाडातल्या माझ्या वयाच्या कुणालाही याचं उत्तर ठाऊक आहे. बाळंतपणं घरी व्हायची, तारीख कोणी लिहून ठेवत नसे. शाळेत घालताना मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचा. कान हाती आला की पोरगं सहा वर्षांचं झालं, आणि जन्मतारीख एक जुलै. माझीही एक जुलैच आहे. ठाण्यातल्या जुन्या हवालदारांपैकी निम्म्यांची तीच. हे मी त्या दुकानदाराला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी तक्रार लिहून घ्यायला सांगितली. त्या संध्याकाळी आमचा अहवाल पहिल्यांदा निरंक गेला नाही.

यादीतलं पहिलं नाव गाद्या भरणाऱ्या एका पिंजाऱ्याचं होतं. पासष्टीचा मुसलमान म्हातारा, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. बोलावणं पाठवलं तर स्वतःच सायकलवर आला.

"कुठून आलात?"

"घरून आलो जी."

"तसं नाही. मूळचे कुठले?"

"इथलाच. माह्या आज्यानंबी याच गावच्या गाद्या भरल्या. तुमी बसले ते गादी मीच भरेल हाय, मागच्या साहेबाच्या वख्ताले."

"मग या वयात जन्मदाखला कशाला काढला?"

"टीव्हीवर लढाई दाखवून राहिले न जी. पोट्टी म्हने, बाबा, आता कागद पुसतीन, काढून ठेवा. गल्लीतल्या बहुतेकायनं काढले. कागद नोता तवा कोनी पुसलं नाई. कागद काढला अन् तुमी बलावलं."

"आणि एक जुलै ही तारीख कोणी सांगितली?"

"मास्तरनं. माय तं म्हने, पोळ्याच्या आंधी झाला." मग त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुमची कोन्ती हाय, साहेब?"

शेजारी बसलेल्या हवालदारानं मान खाली घातली. मी म्हणालो, "प्रश्न मी विचारतो." आणि आवाज चढवून म्हणालो. चौकशीत अधिकाऱ्याचा आवाज चढला की समजावं, समोरच्याचं काहीतरी खरं आहे.

बनावट दाखल्याचा गुन्हा नोंदवला, दाखला जप्त केला आणि त्याला अटक केली. कोर्टानं दोन दिवसांची कोठडी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मुलगी ठाण्यात आली. अंगणवाडी सेविका होती, हातात नोटीस.

"साहेब, त्या दुकानदारानं मतदार यादीतल्या सदतीसही नावायवर हरकत घेतली, बाबाच्याबी. आज तीन वाजता तहसीलमंधी सुनावणी हाय. खुद्द हजर नसले तं नाव कापतीन. एक घंटा सोडा त्यायले. शिपाई संगं पाठवा पाह्यजे तं."

कोर्टाची परवानगी लागली असती. अर्ज लिहायला अर्धा तास, मंजुरीला फार तर आणखी एक तास. पण निवडणुकीच्या तोंडावर घुसखोराला पोलिसांच्या गाडीतून तहसीलला नेलं, ही बातमी मला आधीच छापलेली दिसत होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. "जमणार नाही," मी म्हणालो. तिनं नोटिशीची घडी घातली आणि गेली.

ती गेल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, एकदा दाखल-खारीज तं पाहू." कोणतं मूल शाळेत कधी आलं आणि कधी गेलं, याचं ते रजिस्टर. दुपारी आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकेनं लोखंडी कपाट उघडलं, फडक्यात बांधलेली जाडजूड वही काढली, बराच वेळ पानं उलटली आणि मग ते पान सापडलं. वीस नावं, वीसही एक जुलै. हिंदू, मुसलमान, बौद्ध, मास्तरनं कुणालाच सोडलं नव्हतं. गादीवाल्याचं नाव होतं, बापाचा धंदा पिंजारी, गाव हेच. त्याच्या दोन ओळी खाली दुकानदाराच्या वडिलांचं नाव. तारीख तीच. मुख्याध्यापिका हसली, हवालदारही हसला. मी घड्याळ पाहिलं, साडेतीन वाजून गेले होते.

तहसीलमध्ये त्याच्या नावापुढे 'गैरहजर, नाव वगळले' असा शेरा पडला होता. गल्लीतले बाकीचेही सुनावणीला गेले नाहीत. तिथूनच धरून नेतील अशी त्यांना भीती होती, आणि ती मीच घातली होती.

त्याच संध्याकाळी मी पानाची प्रत जोडून अहवाल लिहिला: दाखले खरे आहेत, गुन्हा घडलेला नाही. साहेबांनी तो शांतपणे वाचला. "अहवाल चांगला आहे. निवडणूक होऊ द्या, मग पाहू. आत्ता आपण चुकलो म्हटलं तर लोकांचा विश्वास उडेल." कोणत्या लोकांचा, हे मी विचारलं नाही. अहवालावर 'गोपनीय' असा शिक्का बसला. पुढच्या महिन्यात शोधमोहिमेबद्दल आमच्या ठाण्याला प्रशस्तिपत्र मिळालं, आणि ते घ्यायला मी गेलोही.

म्हाताऱ्याला जामीन मिळाला. मतदानाच्या दिवशी माझा बंदोबस्त त्याच शाळेत होता. सकाळीच तो रांगेत दिसला, इस्त्रीचा पांढरा सदरा, मागे बायको. आत गेल्यावर थोड्या वेळानं केंद्राध्यक्षानं मला बोलावलं. यादीत नाव नाही आणि माणूस हलत नाही.

मला पाहून त्याला धीर आला, हे मला सगळ्यात जास्त लागलं. "साहेब, तुमी तं रजिस्टर पाह्यलं. हवालदारानं सांगतलं मले. तुमाले मालूम हाय न, मी इथलाच हाय?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मंग या लोकायले सांगा."

केंद्राध्यक्ष माझ्याकडे पाहत होता, मतदान प्रतिनिधी पाहत होते. यादीत नाव नसलेल्याला मत देता येत नाही. मी त्याच्या दंडाला धरलं आणि दाराकडे वळवलं. त्यानं अंग ताठ केलं नाही, मुकाट चालू लागला. बायकोनं दाखला काढला नव्हता, त्यामुळे तिच्या नावाखाली लाल रेघ नव्हती. केंद्राध्यक्ष म्हणाला, "बाई, तुमचं नाव आहे. या, सही करा."

"यायचं नाव नाई तं माहं काहून?" ती म्हणाली आणि नवऱ्यामागून निघून गेली.

दुकानदाराचा भाऊ निवडून आला. माझी बदली झाली, आणि मागून आलेल्या अधिकाऱ्यानं माझा अहवाल न जोडता दोषारोपपत्र पाठवलं. मी आता अमरावतीत राहतो. खटला अजून चालू आहे. मी सरकारी साक्षीदार आहे, म्हणजे त्याच्या विरुद्ध.

शेजारच्या देशातली लढाई थांबली की चालू आहे, आता टीव्हीवर कोणी दाखवत नाही. तिकडे घरं जळली. इकडे काच फुटली नाही, गोळी सुटली नाही, फक्त एका गल्लीचं मत गेलं, आणि गाव सुरक्षित झालं म्हणून गाव झोपी गेलं. चूक उघडकीला आली की ती दुरुस्त होते, या भरवशावर मी नोकरी केली. ही चूक उघडकीला आली होती, कागदावर होती, खाली माझी सही होती. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची मुलगी एकटीच दिसली. मी विचारलं, "बाबा नाही आले?" ती म्हणाली, "बाबा गेले, साहेब. केस बंद कराले कोर्ट मृत्यूचा दाखला मांगते. काढाले गेली तं म्हनतात, आंधी जन्माचा आना."