ग म्हणजे गहाळ

असे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण आधी शपथेवर सांगतो, की माझा या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. माझा तर आजही नाही. घडलं ते डोळ्यांनी बघितलं, टेप लावून मोजलं, तरी ते मान्य करायची माझी तयारी नाही… आणि म्हणूनच गेली दोन वर्षं माझी नुसती चिडचिड होते आहे. मी परभणीला राहते. आयटीआय केलेली ड्राफ्ट्समन आहे, सिव्हिल. मापं घ्यायची आणि कागदावर उतरवायची, बावीस वर्षं एवढंच काम. माझं नाव भुताखेतांच्या गोष्टींत यावं याची मला लाज वाटते, म्हणून ते देत नाही. गावाचंही देणार नाही. त्या लोकांना माझ्यामुळे एकदा झाला तेवढा त्रास पुरे.

तरी ठिकाण सांगते. परभणीहून सेलू, सेलूहून देवगाव फाटा, आणि तिथून चारठाण्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत एका फाट्यावर उतरायचं. पुढे दीड किलोमीटर पायी. चारठाण्याची देवळं बघायला लांबलांबून लोक येतात, फोटो काढतात. त्याच काळ्या दगडातलं, तसल्याच घडणीचं एक लहानसं महादेवाचं देऊळ या गावात होतं. ते बघायला कुणी येत नसे. होतं म्हणतेय, यातच काय ते आलं.

एखादं जुनं बांधकाम 'संरक्षित' म्हणून सरकारी यादीत घ्यायचं तर आधी त्याचा मोजून काढलेला नकाशा लागतो. ते काम परभणीतल्या एका कन्सल्टंटकडे आलं आणि त्यांनी मला पाठवलं. पण कागद हलले होते ते गावातल्या मन्मथअप्पांमुळे. अप्पांचं किराणा दुकान. लिंगायत वाणी, वय ऐंशीच्या घरात, कपाळावर भस्माचे पट्टे. दुकान उघडायच्या आधी देवळात जाऊन पाणी घालायचं, बेल वाहायचा, हे त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. गावात बरीच वर्षं नव्या स्लॅबच्या देवळाचं चाललं होतं. फरशी, घुमट, ऑइलपेंट. अप्पांचं म्हणणं, बांधा की, पण शेजारी बांधा. जुन्याला हात लावू नका. कुणी ऐकेना, म्हणून अकरा वर्षं त्यांनी एकट्याने अर्ज लिहिले. यादीत नाव आलं की कुणाच्या बापाला देऊळ पाडता येणार नाही, एवढी एकच आशा.

मी आठवडाभर तिथे काम केलं. आमची पद्धत अशी — प्रत्येक दगडाला नंबर द्यायचा. मी पातळ कालवलेल्या चुन्यात ब्रश बुडवून नंबर टाकते, म्हणजे काम झालं की पाण्याने जातो. नंबराच्या खाली एक आडवी रेघ मारते. काम चालू असताना एखादा दगड काढून परत बसवायची वेळ आली आणि तो उलटा पडलेला असला, तर खालची बाजू कोणती हे त्या रेघेवरून कळतं. असे चारशे बारा दगड झाले.

आणि काही जागी दगडच नव्हते. कधी काळी निखळले, लोकांनी उचलून नेले. नकाशात तिथे ठिपक्यांची रिकामी चौकट काढायची आणि तिला वेगळा नंबर द्यायचा. मी त्याला 'ग' लावते. ग म्हणजे गहाळ. ग-१, ग-२ असे एकोणीस निघाले. हे नंबर फक्त कागदावर असतात, जो दगड नाही त्याच्यावर लिहिणार कुठे? शनिवारी मी परभणीला परतले. रविवारी घरी जेवणाच्या टेबलावर शीट पसरून ते एकोणीस नंबर टाकले आणि शीट गुंडाळून कपाटात ठेवली. घरात मी एकटीच होते. नवरा पुतण्याच्या लग्नाला गेला होता.

सोमवारी दोन-चार मापं राहिली होती म्हणून परत गेले. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. देवळाच्या वाटेवर गयाबाईंचं घर लागतं. पंचाहत्तरीची बाई, आठवडाभर रोज मला हाक मारून चहा पाजणारी. त्या दिवशी चहाचं नाव नाही. दारातच उभ्या होत्या.

"मॅडम, आमच्या धुन्याच्या दगडावर नंबर कामून टाकला वो?"

मी म्हटलं, मी कशाला टाकू. त्या मला परसात घेऊन गेल्या. मोरीजवळ धुण्याचा दगड, नुकतंच धुणं आपटून झालेलं, दगड ओला… आणि त्यावर चुन्यात लिहिलेलं: ग-७. खाली आडवी रेघ.

अक्षर माझं होतं. माझ्या ग चा काना वरच्या रेघेला चिकटत नाही, शाळेत बाई त्यावरून छड्या मारायच्या. तो काना तसाच सुटा होता. बोट फिरवलं तर बोटाला चुना लागला, पण नंबर पुसट होईना. गयाबाईंनी तांब्याभर पाणी ओतलं. तसाच.

मला पहिल्यांदा रागच आला. कुणीतरी चेष्टा करतंय. पण ग चे नंबर रविवारी टाकलेले, शीट परभणीत कपाटात, मग चेष्टा करणार कोण आणि कशावरून? वहीत चौकटींची मापं होती. टेप काढला. लांबी, रुंदी, जाडी, ग-७ ची तिन्ही मापं तंतोतंत. गयाबाईंच्या मुलाने पहार घालून दगड उलटा केला. खालच्या अंगाला अर्धं कमळ कोरलेलं होतं. उरलेलं अर्धं देवळाच्या भिंतीत, त्या रिकाम्या जागेला लागून होतं. मी आठ दिवस ते बघत होते.

दुपारपर्यंत गावभर झालं. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पायरीला, एक तर शाळेच्या झेंड्याच्या कट्ट्यात. एकोणीसपैकी सोळा सापडले. भर उन्हात, लोकांच्या घोळक्यासमोर मी एकेक मोजत गेले आणि एकेक जुळत गेला. खरं सांगते, त्या वेळी भीती नाही वाटली. आनंद झाला. जिगसॉचे हरवलेले तुकडे एकदम हाताला लागावेत तसं वाटत होतं. अप्पा माझ्या मागे अनवाणी फिरत होते आणि प्रत्येक दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावत होते. लोकांच्या तोंडाकडे आम्हा दोघांपैकी एकानेही बघितलं नाही.

ग-१२ सरपंचाच्या ओट्यावर उमटला होता. ओट्याला नवी चकचकीत फरशी, नंबर फरशीवर. सरपंच मला म्हणाले, फरशी दुकानातून आणली, तीही देवळाची का? आणि हातोडा मागवून त्यांनी स्वतःच ती फरशी फोडली. खाली सिमेंटचा थर, तो उखडला, त्याखाली काळा दगड. दगडावरही ग-१२ आणि खाली रेघ. सरपंचांनी हातोडा हळूच खाली ठेवला. नंतर ते माझ्याशी नीट बोललेच नाहीत.

आता यात गावाला काय दिसलं ते ऐका. खेड्यात ग म्हणजे एकच — गट. सातबाऱ्यावर असतो तो गट नंबर. घराघरावर गट नंबर पडलेत, म्हणजे भूसंपादन आलं. गयाबाईंचं माहेर येलदरी धरणाच्या पाण्यात गेलेलं. त्या घरोघर सांगत सुटल्या, "तवाबी असंच झालतं. आधी भिंतीवर नंबर टाकले, मंग आमाला उठीवलं." त्यात कुणीतरी भर घातली, की देऊळ यादीत गेलं की शंभर मीटरच्या आत वीट लावू देत नाहीत. संध्याकाळच्या बसची वेळ व्हायच्या आत देवळासमोर शंभरेक माणूस जमलं.

मी शहाणी. म्हटलं, गैरसमज आहे, समजावून सांगते. पायरीवर उभी राहिले आणि म्हणाले, "ग म्हणजे गट नाही. ग म्हणजे गहाळ."

मला वाटलं पटलं. मग सरपंच पुढे आले.

"मंजी आमी चोर हाव? आमच्या आज्या-पंज्यानं देवळाचे दगड चोरले म्हणायलाव तुमी?"

झालं. इतका वेळ घाबरलेलं गाव आता चिडलं. गयाबाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली. नंबर मीच आदल्या दिवशी गुपचूप येऊन टाकले, हे गावाने ठरवून टाकलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? अक्षर माझंच होतं. तक्रार करतो म्हणाले. कन्सल्टंटना फोन केला तर ते म्हणाले, मॅडम, गुंडाळा आणि निघा.

निघताना अप्पांनी दुकानात बोलावलं. रागावले नव्हते. गूळ-पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, लोकायचं मी बगतो. तुमी कागदावर येवढंच लिवा, की दगड घावले."

बघते म्हटलं.

इथपर्यंतचं सगळं मी माझ्या मैत्रिणींना, नवऱ्याला, अगदी डॉक्टरलाही सांगितलं आहे. पुढचं कुणाला सांगितलं नाही. नकाशात रिकाम्या जागा जास्त असल्या की प्रस्ताव मागे पडतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. सोळा दगड गावातच आहेत, मापं जुळतात, एवढं लिहिलं असतं तर देवळाचा प्रस्ताव वर सरकला असता. नंबर कसे उमटले हे लिहायची गरजच नव्हती. टेपने मोजलं, जुळलं. खरंच होतं ते. पण मग कुणी विचारलं असतं, एका दिवसात सोळा दगड कसे शोधले? कुणीतरी चौकशीला गावात आलं असतं, गावाने सांगितलं असतं की बाईने घरांवर नंबर रंगवले. माझी पुढची कामं गेली असती, लोक हसले असते. आठ दिवस शीट समोर ठेवून बसले. नवव्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस चौकटींपुढे 'गहाळ' लिहिलं, सही केली आणि देऊन टाकली.

पंधरा दिवसांनी सकाळी अकराला अप्पांचा फोन आला. "ताई, पाडायलेत." एवढंच बोलले. फोन चालूच ठेवला होता, मागे जेसीबीचा आवाज येत होता. ग्रामसभेत जीर्णोद्धाराचा ठराव झाला होता. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण असेल ते उचलून फेकणे. देऊळच नसलं तर नोंद कशाची आणि संपादन कशाचं, असा साधा हिशेब. मी इकडे-तिकडे फोन केले. उत्तर मिळालं, देवस्थान यादीत नाही, सबब आम्हाला अडवता येत नाही. चारशे बारा दगड ट्रॉल्यांत भरून कुठल्या नाल्यात, कुठल्या रस्त्याच्या भरावात गेले, ते आज कुणीही सांगत नाही.

तीन महिन्यांनी पुरातत्त्व खात्याच्या पत्राची प्रत आली. 'गहाळ भागांचा स्थानिक पातळीवर शोध घेऊन सुधारित नकाशा सादर केल्यास सदर वास्तूच्या नोंदीचा विचार करता येईल.' मी ते वाचून हसले. ऑफिसातले माझ्याकडे बघायला लागले इतकं हसले.

पत्र घेऊन गावात गेले. का गेले, माहीत नाही. देवळाच्या जागी चार सिमेंटचे खांब आणि वर निघालेल्या गंजक्या सळया, काम बंद. गयाबाई अंगणात होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, ज्या दिवशी देऊळ पाडलं त्या दिवशी दुपारी धुणं धुतलं आणि दगडावरचा नंबर एका पाण्यात गेला. सगळ्यांचेच गेले म्हणे, सरपंचाच्या ओट्यावरचाही. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहेत, त्यात नंबर स्पष्ट दिसतात. ते बघून कुणीही म्हणेल, बाई, हे तर तुझंच अक्षर.

अप्पा दुकानात कुणाला तरी साखर तोलून देत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मी पत्र पुढे केलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि 'गहाळ' शब्दावर बोट ठेवलं.

"हे कुनी लिवलं?"

मी म्हटलं, "मी."

पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "ताई, दगडायनं येऊन हजेरी देली. तुमी गैरहजर मांडली."

आवाज चढवला नाही, काही नाही. पुढचं गिऱ्हाईक आलं तसे ते वळले.

नंबर कसे उमटले, कसे गेले, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा. मी गहाळ का लिहिलं याचं मात्र माझ्याकडे आहे, आणि ते कुणी विचारत नाही.