न हलणारी खूण

जमिनी मोजण्यात उभी हयात घालवलेला मोजणीदार निवृत्त झाल्यावर चित्रं काढायला लागला. टेकडीवर बसून खालचं गाव रेखाटायचा, आणि प्रत्येक चित्रात चर्चचा मनोरा हटकून असायचा. वाचनालयात चित्रं लागली तेव्हा कलाशिक्षक म्हणाले, "मनोरा म्हणजे आकाशाकडे झेपावणारी श्रद्धा!"

बायकोला हसू आवरेना. "कसली श्रद्धा? पुतणीच्या लग्नालासुद्धा हे आत आले नाहीत, बाहेर पायऱ्या मोजत बसले!"

मोजणीदार करवादला. "मोजणीला आधी एक न हलणारी खूण धरावी लागते. ढग, झाडं, गुरं, सगळं हलतं. मनोरा हलत नाही. बस, एवढंच!"

पुढच्याच महिन्यात डागडुजीसाठी मनोऱ्याला परांची बांधली आणि वरपासून खालपर्यंत कापड गुंडाळलं. मोजणीदार दोन दिवस पेन्सिल चावत नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मात्र चित्र पुरं झालं. नेहमीसारखी चहाचा थर्मास घेऊन आलेली बायको चष्मा लावून बघायला लागली. कागदावर मनोऱ्याच्या जागी ती स्वतःच स्टुलावर बसली होती.

"अहो, मी काय दगड आहे?"

"नऊ बदल्या झाल्या माझ्या," पेन्सिलीला टोक काढत तो म्हणाला. "दर वेळी गाव नवं, माणसं नवी. धरायला खूण एकच होती."

दुसऱ्या दिवशी तो चपला घालतोय तोवर ती स्टूल काखेत मारून दारात उभी.

"चला. पण मध्येच चहा ओतायला उठले, तर ओरडायचं नाही."