अंड्यांच्या ट्रेमधल्या चोवीस चकत्या

पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात दोन सीटची स्पोर्ट्स कार आणणारा मीच पहिला शहाणा. तीही बंद पडलेली, ट्रकवर घालून. लोक विचारायचे, "भाऊ, हिच्यात कापूस किती मावतो?" नाना, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "दिवाळीलोंग चालनी नही, ते भंगारमा." म्हणजे दिवाळीपर्यंतच मुदत, आणि नाना बोलले की करतात.

असल्या इंजिनला हात लावणारं इकडे कोणी नाही. पुण्याहून एक कारागीर आला, फक्त हीच इंजिनं उघडणारा. त्याने इंजिन खोललं, त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, मशिनिंगसाठी पुण्याला नेलं आणि जाताना बटणाएवढ्या चोवीस पोलादी चकत्या माझ्या हवाली केल्या. प्रत्येक व्हॉल्व्हची चकती वेगळी, जाडीत केसाएवढा फरक. "क्रम बिघडला तर मी बॅग उचलून निघेन," असंही बजावलं. मी अंड्यांचा ट्रे आणला, खळग्यांना आकडे टाकले, चकत्या मांडल्या आणि स्वतःवरच खूश झालो.

मग आली खंडेनवमी. सकाळी मी बाजारात झेंडू आणायला गेलो. परत येतो तर ओट्यावर विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, आणि मधोमध माझ्या चकत्यांचं सुंदर कमळ. चिंचेने घासलेल्या, एकेकीवर हळदीकुंकू. ट्रे उकिरड्यावर.

"अंडासना ट्रेमा देवपुढे ठेवू का?" आई म्हणाली. "बठ्ठं लोखंड पुजं, मंग हाईच काबर सोडू?"

डोकं असं सणकलं म्हणता! पण सणाचा दिवस, समोर आई. गिळलं.

कारागीर हेड घेऊन आला तेव्हा मी नवा ट्रे पुढे केला, चकत्या अंदाजपंचे भरलेल्या, चेहरा भोळा. त्याने एक उचलली, नखाने खरवडली, वास घेतला.

"हळद?"

"गंज लागू नये म्हणून," मी ठोकून दिलं.

आईने तिथल्या तिथे मला उघडं पाडलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याने बॅगेला हात घातला. हा निघाला, असं वाटून मी दारात आडवा झालो, तर त्याने जाडी मोजायचं मायक्रोमीटर काढलं.

"मावशी, इथे बसा. तुमचा हात स्वच्छ आहे."

दोन दिवस तो मोजत होता आणि आई चकत्या मापाप्रमाणे लावून त्याच्या हातात देत होती. मी चहा करत होतो. शेवटी न राहवून विचारलं, आता क्रमाचं कसं? तर म्हणे, हेड मशीनवर गेलं की जुना क्रम तसाही संपतो, सगळी मापं नव्यानेच घ्यावी लागतात.

"मग ती धमकी?"

"तुम्ही हात लावू नये म्हणून."

वसुबारसेला इंजिन सुरू झालं. असा आवाज, की गल्लीतली कुत्री गप्प झाली आणि माझे डोळे भरून आले. पहिल्या फेरीला कारागीर चालवणार, शेजारी एक जण. दोन वर्षं मी त्याच सीटची स्वप्नं पाहिली होती. गॉगल लावून पुढे झालो. त्याने दार उघडलं ते आईसाठी. तिने पदर खोचला आणि एकदाही मागे न बघता बसली.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नानांनी भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे बघून हसले.

"तू चूल पेटाड. त्या दोन्ही भुक्या येतीन."

मी गॉगल काढला आणि वांगी भाजायला घेतली.