ताटल्यांची पाठ

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याजवळ आमचं घर. लग्नाआधी मी कल्याणात काच वितळवून जोडायचं काम शिकले होते. लग्नानंतर हट्टाने एक जुनी विजेची भट्टी घरी आणली. ती ठेवायला जागा एकच होती, भाताची खोली. सासूबाईंनी आल्या दिवशीच मुदत घातली, "भात घरात आलं का भट्टी भायेर." कल्याणच्या दुकानदाराने त्याआधी माझ्या ताटल्या घेतल्या तरच मला बोलायला तोंड राहणार होतं.

पहिली खेप त्याने परत केली. हिरव्या-निळ्या ताटल्या वरून पाहून खूश झाला, मग उलट्या करून अंगठा फिरवला आणि म्हणाला, पाठ खरबरीत आहे, गिऱ्हाइकाच्या टेबलावर ओरखडे उठतील. खरंच होतं ते. काच चिकटू नये म्हणून भट्टीतल्या फरशीला पांढरा लेप द्यावा लागतो. मऊ झालेली काच त्यावर बसते आणि ब्रशचा फराटा न् फराटा पाठीवर उचलते. मी तर लेप द्यायचे गोठ्याच्या भिंतीला चुना फासावा तसा. धीर मला जन्मजात नाही.

मग मात्र शहाणी झाले. लेप ताकासारखा पातळ केला, मऊ ब्रशने आधी उभा, मग आडवा दिला, सुकल्यावर नवऱ्याच्या नायलॉनच्या मोज्याने हलकेच घासला. नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरला, मी चकार शब्द काढला नाही. ताटल्यांच्या जागा फरशीवर पेन्सिलने गोल आखून ठेवल्या आणि मुरबाडच्या बाजाराला गेले. परत आल्यावर काच मांडली, भट्टी लावली. आचही या वेळी बेताचीच ठेवली.

भट्टी गार झाल्यावर पहिली ताटली उलटी केली. पाठीवर दोन रेघा आणि एक टिंब. दुसरीवर तेच, सगळ्यांवर तेच. माझं डोकं फिरलं. मोज्याचा सूड उगवलास म्हणून मी नवऱ्यावर ओरडले. त्या बिचाऱ्याला मोज्याचा पत्ता तेव्हा लागला. तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या.

"रांगोली मी काढली. सारवून कोरं नाय ठेवत गो आपल्यात. तुजा पयला माल परत आला, आता परत अपशकुन कशाला?"

मी बाजारात असताना त्यांनी प्रत्येक गोलात चिमटीने रांगोळी ओढली होती. पांढऱ्यावर पांढरी, मला दिसणार कशी? संतापाने बोलायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. या बाईला माझी भट्टी डोळ्यांसमोर नको असेल, असं मी धरून चालले होते.

पुढच्या वेळी लेप दिल्यावर मीच त्यांना हाक मारली आणि भट्टीच्या पायाशी, जमिनीवर रांगोळी घालायला सांगितली. त्यांनी ऐसपैस घातली. दुकानदाराने पाठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि सगळ्या ताटल्या ठेवून घेतल्या. वर आणखी मागितल्या.

पण तोवर झोडणी उरकली होती. मी कल्याणहून परतले तर अंगणात भाताची पोती रचलेली. ठरलं ते ठरलं म्हणून मी खोलीत गेले आणि भट्टीची वायर गुंडाळायला लागले. बाहेर सासूबाई नवऱ्याला सांगत होत्या, "पोती माज्या खोलीत टाक. मी ओटीवर निजेन."

मी वायर हातात धरून तिथेच बसले आणि पोटभर रडले.