मास्कच्या जाळीतून आप्पा

इचलकरंजीच्या स्टँडवरून बंगळूरची बस सुटायला लागली तेव्हा आप्पा, माझे वडील, खिडकीखाली उभे होते. तोंडी सांगून झालं होतं, "परक्या गावात दोघांच्या भांडणात पडू नगंस." मग इंजिनाच्या आवाजात त्यांनी अंगठा ओठांकडे नेला. पाणी पीत जा. यंत्रमागाच्या शेडमध्ये कानठळ्या बसतात, म्हणून तिथलं बोलणं हातांनी चालतं. आडवा तळवा म्हणजे माग थांबव, मागेपुढे हलणारा तळवा म्हणजे चालू ठेव. गावाकडच्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको. माझ्यासारखे बाहेर पडलेले मात्र विसरत चालले असतील.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागलो, बनशंकरी भागात खोली घेतली. रविवारी करायचं काय, म्हणून मैदानाकडे गेलो तर तिथे बेसबॉल चाललेला. सगळे चेंडूकडे बघत होते आणि मी चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे वाकून उभ्या असलेल्या पंचाकडे. चेंडू पोचला तरी हा लगेच बोलत नाही, क्षणभर थांबतो. का थांबतो? त्या क्षणात काय बघतो? सामना संपल्यावर मी त्याचं इतकं डोकं खाल्लं की त्याने मास्कच माझ्या हातात दिला. "बन्नी, निंतु नोडी," म्हणाला. ये, उभा राहूनच बघ.

तो उभा राहिलो, तो अजून उभाच आहे. पंचाच्या परीक्षा दिल्या, इतर शहरांत सामन्यांना जाऊ लागलो, मानधन मिळू लागलं. भांडणात पडू नको म्हणणाऱ्याचा मुलगा दर रविवारी भांडणाच्या मधोमध उभा राहतो, हे फोनवर सांगायची हिंमत काही झाली नाही. "खेळाचं काम" एवढंच सांगायचो.

यंदा इथल्या स्पर्धेला आपल्या गावचा संघ आला आणि त्यांच्या गाडीतून आप्पाही. सामना मलाच मिळाला. हा माझ्याच गावचा संघ, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. समोरच्या संघाचे कोच "सरी" म्हणाले, ठीक आहे. मला धाकधूक होती आणि स्वतःचंच कुतूहलही. आपली माणसं समोर असली की नजर खरंच हलते का?

होम प्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते त्या पाटीवर, धूळ साचली की पंच ती ब्रशने पुसतो. पुसताना प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, असा आमच्यात रिवाज आहे. त्यामुळे पुढे जाऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून वाकावं लागतं. आप्पांना वाटलं, पोरगा आपल्यालाच बघायला वळतोय. मी वाकलो की त्यांचा अंगठा ओठांकडे. दर वेळी.

बेसबॉल हा सगळा खाणाखुणांचाच खेळ. कोचनी सामना थांबवला. "यारु अवरु? पंचाला खुणा कोण करतंय?"

मला घाम फुटला. संशय टिकला असता तर या शहरात मला कुणी पुन्हा मास्क घालू दिला नसता.

"नम्म अप्पा," मी म्हणालो. "पाणी पी म्हणताहेत."

कोचनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी त्यांनाही अंगठा दाखवला, तुम्ही पण प्या. कोच हसले. "सरी, स्वल्प नीर कुडीरी," म्हणाले, आणि मी सगळ्यांसमोर पाणी प्यायलो.

शेवटच्या डावात आपला संघ एका धावेने मागे होता. आपला धावपटू घसरत प्लेटवर आला, कॅचरने हातातला चेंडू त्याला टेकवला आणि धुळीचा लोट उठला. मी थांबलो. धूळ बसली. चेंडू आधी टेकला होता, पाय नंतर. नजर हलली नव्हती.

"आउट!" सामना तिथेच संपला.

"आपल्या गावचा ना रे तू?" आपल्याच बाकांवरून कुणीतरी ओरडलं. मी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी संघाच्या गाडीपाशी गेलो तर सगळ्यांनी पाठ फिरवली. आप्पाही चढून बसले. रस्ताभर त्यांना टोमणे ऐकावे लागणार, हे मला दिसत होतं. घर म्हणजे चुकलो तरी पोटात घेणारी जागा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. बरोबर निकाल देऊनही तिथे जागा राहील का, हे आजवर विचारायची वेळच आली नव्हती. गाडीचं इंजिन सुरू झालं, आप्पांनी काच बंद केली. आता आडवा तळवा दिसणार, थांबव म्हणणारा, म्हणून मी मान खाली घातली.

काचेवर टकटक झाली. आप्पांचा तळवा मागेपुढे हलत होता.

या वेळी माझ्या तोंडावर मास्क नव्हता. मी हात वर केला.