नानांचं बोअरचं पाणी

मंडळी, रागात लिहितोय. चुकलं तर सांगा.

आज सकाळी वडिलांना, म्हणजे नानांना, घेऊन सिन्नरला निघालो होतो. मोहदरी घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मी मेकॅनिकचा नंबर शोधत होतो, तेवढ्यात नानांनी बोनेट उघडून रेडिएटरच्या झाकणावर उपरणं टाकलं.

"नाना, हात लावू नका!"

"वीस वर्षं जीप चालवलीय मी. तू मला शिकवू नको."

झाकण फिरलं आणि उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर उडालं. याच हाताने ते गुलाबाची छाटणी करतात.

नाना दर रविवारी गाडी धुतात आणि त्याच मगाने इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी ओततात. जीपला चालायचं, म्हणून हिलाही. हिरवं कूलंट महिन्या-महिन्याला फिकट होताना मी पाहत होतो. त्या पाण्याच्या क्षारांनी रेडिएटर आतून चोंदला.

नंतर मेकॅनिक फोनवर म्हणाला, "मला मागच्या सर्व्हिसिंगलाच दिसलं होतं दादा. पण नानांना कोण सांगणार?"

मी त्याच्यावर ओरडलो. फोन ठेवल्यावर कळलं, मीही तेच केलं होतं. वडील माणूस दुखावेल म्हणून गप्प बसलो होतो.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर कात्री धरायची नाही. घरी आल्यावर नानांनी डाव्या हाताने कात्री उचलून कपाटात ठेवली.

या असल्या आदराची मला चीड आली आहे. तुमच्या घरात सगळ्यांना दिसतंय आणि कुणीच बोलत नाही, असं काय आहे?