तिसरा प्रश्न

मेडशी गावात धम्मदीपाची नोकरी नेमकी काय, हे कुणालाच धड सांगता येत नसे. पुण्याच्या कंपनीत आहे, पण पुण्याला जात नाही. दिवसभर घरातच असते, पण रिकामी नसते. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. पाच वर्षं तेच करून जीव विटला होता. पुढं सरकायचं तर एक प्रमाणपत्र हवं होतं, अ‍ॅजाईल पद्धतीनं प्रकल्प चालवण्याच्या पहिल्या पायरीचं. मार्च संपायच्या आत मिळवलं तर टीम सांभाळायला देऊ, नाहीतर करार संपला, असं कंपनीनं कळवून टाकलं होतं.

पद्धत तशी सोपी. मोठं काम तुकड्या-तुकड्यांनी करायचं आणि रोज सकाळी सगळ्यांनी उभ्या-उभ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय आहे. अडचण लपवायची नाही, यावर सगळा डोलारा. अंगवळणी पडावं म्हणून धम्मदीपा रोज अंगणात आईबापालाच उभं करी. भिवाजी शाळेत शिपाई होते; निवृत्त झाले तरी हजेरी द्यावी तसे ताठ उभे राहत. भागिरथाबाई हातातलं सूप खाली ठेवत नसत. काल तूर पाखडली, आज तूर पाखडणार. तिसऱ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं, "मले कायची अडचन? काई नाई." तिघंही हसत.

फेब्रुवारीत धम्मदीपा घरूनच परीक्षेला बसली. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, असा नियम. तिनं तो घरात सांगितलाही होता. पण चार वाजले आणि भागिरथाबाई चहा घेऊन आत आल्या. पोर तासाभरापासून मान खाली घालून बसलीय आणि तिच्यापुढं चहा नाही, हे त्यांना बघवलंच नसतं. पडद्यावर परीक्षा रद्द झाल्याची ओळ उमटली.

"माह्या जिनगीचं वाटोळं तूच केलं, माय," धम्मदीपा म्हणाली.

एका कपापायी माणसानं किती बोलावं? भागिरथाबाईंनी कप उचलला आणि बाहेर गेल्या. धम्मदीपाला त्याच रात्री वाईट वाटलं होतं, पण माफी मागायची राहिली ती राहिलीच.

दुसरी तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली मिळाली. त्या सकाळी अंगणात तिसऱ्या प्रश्नाला आई "काई नाई" म्हणाली, तेव्हा तिचा हात डाव्या खांद्यावर होता. धम्मदीपाला तो दिसला होता. पाखडून खांदा भरून आला असेल, असं वाटून तिनं विचारलं नाही. दुपारी खोलीत शिरताना मात्र बजावलं, "दीड तास कोनी मेलं तरी दार वाजवू नोका."

आणि खरंच, घर इतकं शांत कधी नव्हतं. आईनं शेळी लांब बांधली, शेजारच्या भुरीबाईला टीव्ही बंद करायला लावला आणि स्वतः उंबऱ्यात राखणीला बसली. आत प्रश्न आला, टीममधलं कुणी आपली अडचण सांगतच नसेल तर तुम्ही काय कराल? धम्मदीपानं बरोबर पर्याय निवडला. आईनं केवढं ऐकलं आपलं, या विचारानं तिचा ऊर भरून आला. संध्याकाळी तिला जवळ घेऊन माफी मागायची, हेही तिनं ठरवलं.

पास झाल्याचं दिसताच तिनं कडी काढली. ओसरीवर भागिरथाबाईंचं डोकं भिवाजींच्या मांडीवर होतं. लुगडं घामानं भिजलेलं. त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं आणि भुरीबाई तोंडात पदर कोंबून बसली होती.

"तास झाला," भिवाजी म्हणाले. "दार वाजवू नाई देलं तिनं. गाडी बलावतो म्हनलं, तर म्हने भोंगा वाजवत यील, पोरीचा पेपर पुन्हा जाईन."

भागिरथाबाईंनी डोळे उघडले. "झाला काय व पेपर?"

झाला, असं धम्मदीपानं सांगितलं. गाडी आली, भोंगा वाजवतच आली. वाशीम यायच्या आतच भागिरथाबाई गेल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून होता? सकाळपासून, असं धम्मदीपानं सांगितलं आणि तिथंच फरशीवर बसली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, नातेवाईक आपापल्या गावी गेले. कंपनीनं शब्द पाळला आणि धम्मदीपाला टीम मिळाली. पहिल्या सकाळी तिनं अंगणात खाटेवर लॅपटॉप ठेवला आणि उभ्यानं एकेकाला तिन्ही प्रश्न विचारले. लॅपटॉपच्या मागे भिवाजी रोजच्या जागी येऊन ताठ उभे राहिले होते. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

सगळ्यांचं सांगून झाल्यावर पुण्याच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमची काही अडचण?"

"मले?" धम्मदीपा म्हणाली. "काई नाई."